पंचाच्या जागेवरचे पागोटे

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी.

विषय : शाळेपुढच्या आडाला कठडा बांधणे व मयत पंचाच्या पागोट्यास कमिटीतून रजा देणे.
संदर्भ : अर्जदाराचे याआधीचे दोन अर्ज. जबाब नाही.

महोदय,

१. अर्जदार रेणुकादास मास्तर मौजे सावळढव येथे एकतीस वर्षे मुलांना शिकवत आला आहे. शाळेपुढच्या आडाला कठडा नाही. गेल्या पंधरवड्यात आठ वर्षांची सिंधु पाणी शेंदताना तोल जाऊन आत चालली होती. शेजारी उभ्या केवळाबाईच्या हाती तिची वेणी लागली, म्हणून पोर वाचली. उरलेल्या बावीस मुलांपैकी एकोणीस जणांना वेणी नाही, हे साहेबांनी ध्यानात घ्यावे.

२. कठड्याला गावकमिटीच्या पाचही पंचांची मंजुरी लागते. पंच आजारी असला तर त्याने पागोटे पाठवावे, ते त्याच्या जागेवर ठेवून त्यास हजर धरावे, असा आमच्याकडचा रिवाज. पंच सटवाजी पाटील गेल्या वर्षीच्या दसऱ्याला वारले. त्यांचे चिरंजीव रामकिशन अजून पागोटे पाठवतात. कमिटी त्यापुढे विडाही ठेवते.

३. ठराव तीनदा निघाला. चौघे ‘मंजूर’ म्हणाले. कारकून रेवणसिद्ध पागोट्याकडे पाहून म्हणाले, “मास्तर, पाटील गप हायेत. म्हंजी राजी न्हाईत.” कमिटीला बसायला नवी सतरंजी घ्यायची निघाली तेव्हा हेच पागोटे असेच गप होते. तेव्हा मात्र “पाटलाची ना न्हाई” असे ठरले! पाटील वारले, याची अर्जदाराने आठवण करून दिली. अध्यक्ष म्हणाले, “त्ये आमाला बी ठावं हाय. पर कचेरीचा कागद कुठं आलाय?”

४. दप्तर ठेवून पळालेल्या पोराला अर्जदार गैरहजर मांडतो. का, ते पहिलीतल्या मुलांनाही कळते. कमिटीला तेच सबुरीने समजावून पाहिले. पण अर्जदाराला मुलांची सवय, इतका मंद वर्ग त्याला झेपत नाही.

५. सबब पाटलांच्या जागी जिवंत माणूस नेमावा. केवळाबाई उत्तम, तिने निदान हात पुढे केला. ते कायद्यात बसत नसेल तर अर्जदाराचे पागोटे सोबत पाठवले आहे, तेच पंच नेमावे. जबाब येईपर्यंत अर्जदार गावात बोडक्याने फिरेल. लोक विचारतील, “मास्तर, कोण गेलं?” अर्जदार सांगेल, अजून कोणी नाही.

साहेबांच्या एका कागदाची वाट पाहणारा,
रेणुकादास अनंतराव कंधारकर
१२ बहमन १३५२ फसली

सोबत : पागोटे एक, धुतलेले. कठड्यास राजी.