रकाना नऊ

प्रिय भाचीबाई,

'आदर्श युवा' झाल्याबद्दल तुझं अभिनंदन करायला हवं. करत नाही. तुझं मानपत्र लिहायचं काम नेहमीप्रमाणे कचेरीत माझ्याच टेबलावर आलं. बावीस वर्षं मी 'विनयशील', 'शिस्तप्रिय' आणि 'प्रेरणादायी' हे तीन शब्द आलटूनपालटून वापरून पगार घेतोय. गेल्या वर्षी दोन मुलांच्या मानपत्रांची अदलाबदल झाली. कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्या मुलांच्याही.

तुझी आई सांगत होती, हल्ली तू झाड लावायचं म्हटलं तरी आधी फोटोवाला बोलावतेस. शेजारणी पोरांना तुझा दाखला देतात म्हणे, ताईसारखं वागा, कुणाच्या अध्यातमध्यात नको. ऐकून माझं डोकंच फिरलं. अध्यातमध्यात नसणारी तू कधीपासून झालीस?

बंद शाळेतला संध्याकाळचा वर्ग तुम्ही दोघींनी सुरू केलात, तू आणि शिंप्याची मुलगी. आमच्या कचेरीच्या साहेबांनी खोलीला कुलूप ठोकलं, तीस पोरं पायऱ्यांवर बसून राहिली, तेव्हा ते कुलूप तिने फोडलं. हातोडी तू आणून दिलीस, तीही माझ्या घरातून. आज वर्ग भरतो तो त्या फुटक्या कुलपामुळे. पण पुरस्काराच्या अर्जात रकाना नऊ आहे: पोलीस तक्रार. तिच्यापुढे 'आहे', तुझ्यापुढे 'नाही'. म्हणून तुला पदक आणि तिला दोन ठिकाणी नोकरीला नकार. तू अर्जात लिहिलंस, 'सनदशीर पाठपुरावा करून वर्ग पुन्हा सुरू केला.' वा. सोबतच्या फोटोतून ती कापलेली आहे, तुझ्या खांद्यावरचा तिचा हात तेवढा राहिलाय. कापायचंच होतं तर नीट कापायचंस.

तुझ्यावर रागावलोय, पण निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. तक्रारीत आधी दोन नावं होती. फौजदार माझा शाळूसोबती. त्याच्याकडे जाऊन मी तुझं नाव खोडून घेतलं. तिचंही खोड म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. चहासाठी मात्र दोनदा उघडलं.

म्हणून या वेळी मानपत्रात खरं लिहिलंय: कुलूप, हातोडी, दोन्ही नावं आणि एक मामा. साहेब वाचत नाहीत, नुसती सही करतात. कागद काल छापूनही आला. शुक्रवारी तो मंचावर मोठ्याने वाचला जाईल आणि माझी नोकरी बहुधा तिथेच संपेल. तुझ्या हातात तीन दिवस आहेत. मान खाली घालून एकटीने ऐकायचं, की तिला हाताला धरून वर न्यायचं, ते तू ठरव. हातोडी अजून माझ्याकडेच आहे, लागली तर सांग.

तुझाच,
मानपत्रवाला मामा