रेनोदादाची करवत आणि माझे सोळा इंच

हेमलॉक बे,
रविवार, चर्चहून आल्याआल्या

प्रिय रेनोदादा,

तुझ्या प्लास्टरातल्या पायाला आणि उरलेल्या तुला धाकट्या एल्माचा नमस्कार. पाय खाजतो का? खाजत असेल तर हाड जुळतंय असं समज, पण विणायची सुई आत घालू नकोस. नर्स ओरडेल आणि तिचं बरोबरच असेल. दवाखान्यातली कॉफी पातळ असणार हे गृहीत धरून डबाभर कॉफी आणि वेलचीचा पाव पाठवते आहे. (पाव शेजारच्या खाटेवरच्यालाही दे. सौनाच्या न्हाणीघराच्या छपरावरून तू पडलास त्यात छप्पर जुनं होतंच, पण तुझ्या वजनाचाही थोडा हात होता.) विल्होने नमस्कार सांगितला आहे. म्हणजे मी विचारलं, "दादाला नमस्कार लिहू ना?" तर त्याने मान हलवली. अडतीस वर्षं मी एवढ्यावरच संसार केला आहे.

आता जत्रेचं. फोनवर तू विचारलंस तेव्हा "झालं सगळं नीट" म्हणून मी घाईने फोन ठेवला. दादा, नीट झालं नाही. सविस्तर लिहिते, उशीला टेकून वाच.

तुझी जत्रेतल्या हौशी मोटरकरवतवाल्यांच्या शर्यतीतली एकोणीस वर्षं सलग झाली होती. यंदाचं विसावं झालं की क्लबच्या दारावरच्या फळीवर तापल्या सळईने नाव कोरतात, आणि एक वर्ष चुकलं की पुन्हा एकपासून सुरुवात. सदुसष्टाव्या वर्षी एकपासून! तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास ते मला बघवलं नाही. म्हणून मी तडक आर्वो साल्मीकडे गेले. स्टॉपवॉच त्याच्याकडे, नोंदवही त्याच्याकडे, त्यामुळे ऑगस्टचे दोन दिवस तो गव्हर्नरच असतो. त्याने वही चाळली, चष्मा पुसला, परत चाळली आणि म्हणाला, "करवत रेनोचीच पाहिजे. हात घरातला चालेल. पण दोन तुकडे पडले पाहिजेत हं एल्मा, नाहीतर तो आलाच नाही असं लिहावं लागेल मला." मी म्हटलं, "आर्वो, तुझ्या लग्नातल्या सौनाचं सरपण कोणी फोडलं होतं?" त्यावर त्याने मुकाट्याने नाव लिहिलं.

तर शनिवारी मी उभी राहिले. तुझे चामड्याचे पायसंरक्षक मला काखेपर्यंत येत होते. (लोक हसले. हसू देत.) ओंडका पांढऱ्या पाइनचा, चार फुटी, मस्त सरळ, एकही गाठ नाही. टोकापासून चार इंचांवर लाल रेघ. रेघेच्या आत एक चकती वरून खाली, दुसरी खालून वर कापायची, हे तुझ्यामागे उभं राहून एकोणीस वर्षं मी पाहिलेलं आहे. झोपेतसुद्धा सांगेन. चूक नेमकी तिथेच झाली. सांगणं हे डोक्याचं काम, आणि करवत डोकं नाही, हात चालवतात.

आर्वोने हात खाली टाकला. मी करवत उचलली आणि दादा, देवाशपथ सांगते, करवतीचं पातं ओंडक्यावर आडवं ठेवून मी माप घेतलं. सोळा इंच! घड्याळ चालू, चारशे माणसं बघताहेत, आणि मी चुलीचं माप घेते आहे! बाबांनी मला सातव्या वर्षी शिकवलेलं, सतरा इंची लाकूड त्यांनी किती वेळा माझ्या हातात परत दिलं असेल, चुलीचं दार मिटत नाही म्हणून. तेच हात. पहिला तुकडा पडला, धप्पकन. लोकांचा आवाज मला शाबासकीचाच वाटला. परत माप घेतलं, खालून वर कापलं, दुसरा पडला. करवत खाली ठेवली, हात वर केले आणि मगच लाल रेघ दिसली. ती पहिल्या तुकड्यावर होती आणि तुकडा गवतात लोळत होता.

त्याच ओंडक्यावर माझ्यामागे पाद्रीबाबांचा नंबर होता. ते करवत घेऊन तयार, आणि लाकडाच्या घोडीवर उरलेला ओंडका फक्त एका माणसाला बसायला पुरेल एवढा. आज प्रवचनात ते संयमावर बोलले. माझ्याकडे बघत बोलले.

शर्यतीतून बाद झाले, ते बरोबरच. पण वहीत तुझं विसावं वर्ष धरायचं का, यावरून वाद सुरू झाला. आर्वो म्हणे, ह्या चकत्या नाहीत, हे सरपण आहे. तुझी एकोणीस वर्षं माझ्या हातून चुलीत गेली असं वाटून मला तिथेच रडू आलं, तुझ्या त्या काखेपर्यंतच्या कातड्यात. तेवढ्यात विल्हो कुंपण ओलांडून आत आला. खिशातून टेप काढली, दोन्ही तुकडे मोजले आणि मोठ्याने म्हणाला, "सोळा. दोन्ही. तुकडे किती जाड असावेत ते वहीत दाखव, आर्वो." दोन वर्षांतलं त्याचं सर्वांत मोठं भाषण. आर्वोने वही उलटीपालटी केली. जाडीचं तिथे काहीच नव्हतं, रेघेचा नियम वेगळ्या पानावर आहे आणि तो फक्त पहिला-दुसरा क्रमांक ठरवण्यासाठी. शेवटी "बाद, पण आला" असं लिहून त्याने सही केली. दादा, तुझं नाव फळीवर चढलं. सळई मी स्वतः तापवून दिली. शेवटचं अक्षर थोडं वाकडं आलं आहे, बघशील तेव्हा रागावू नकोस.

जप स्वतःला. पुढच्या शुक्रवारी भेटायला येतो आम्ही दोघं.

तुझी,
एल्मा

ता. क. ते दोन तुकडे विल्होने पिकअपमध्ये टाकून आणले. अजून जाळले नाहीत. तो पोर्चवर एकावर बसतो, मी दुसऱ्यावर.

ता. क. २ : सांगू की नको असं चाललं होतं, पण आर्वो सांगणारच. माझी वेळ अकरा पूर्णांक चार दशांश सेकंद. त्यात माप घेण्याचे दोन सेकंद धरले आहेत. ते वजा कर. तुझी एकोणीस वर्षांतली उत्तम वेळ दहा पूर्णांक एक दशांश आहे. (मी काही म्हणत नाही.)

ता. क. ३ : पाकिटात एक फॉर्म आहे. पुढच्या वर्षासाठी मी माझ्या नावाने भरला आहे, आणि साक्षीदार म्हणून जुन्या स्पर्धकाची सही लागते. तेवढी करून पाठव. करवत आता माझ्याकडेच राहील, तू नवी घे आणि तिच्यावर हात बसव. आणि दादा, लवकर बरा हो. काठी टेकत आलेल्याला हरवून मला काय मिळणार?