सतरा कॅसेटी आणि एक अंगठा

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे वाकणं कागदावरच, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? आणि भाऊजींना खरंच कमी ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच?

इकडे मी अण्णांनी काढलेल्या घरच्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्यात. एकवीस निघाल्या, चारांना बुरशी. उरलेल्यांना लागायच्या आत काम उरकायचं होतं. पण एक कॅसेट वाजायला तीन तास, वर तिची फाइल तयार व्हायला सहा, आणि कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरायचा की कुकर लागलाय वाटून ही दोनदा उठून गॅस बघून आली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, ग्राफिक्स कार्ड टाका. व्हिडिओचं काम ते करतं. दहा मिनिटांत फाइल!" मी लगेच हुरळलो. कार्ड मावेना म्हणून कॅबिनेटचा पत्रा कापला (माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच), कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर (त्याला ड्रायव्हर म्हणतात) तीनदा घातलं, दोनदा काढलं, नाकी नऊ आले, तरी सहा तास ते सहाच. शेवटी सूनबाईने पाहिलं, तर सेटिंगमध्ये फाइल बनवणारा एन्कोडर मी जुनाच ठेवला होता, कार्डाला काम न देणारा. कार्ड बिचारं आठवडाभर नुसतं बसून होतं, अण्णा निवृत्तीनंतर बसायचे तसं.

मग काय, सतरा कॅसेटी एका दुपारीत संपवतो म्हणून ऐटीत बसलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की कार्ड कितीही पळालं तरी कॅसेट तिच्या चालीनेच वाजणार. तीन तास म्हणजे तीन तास. आधी चिडून बघत होतो, मग नुसता बघत राहिलो. आईचे ओले हात, तुझ्या दोन वेण्या, माझी पेन्सिल पळवणारी तू (आता पुरावा आहे), आणि मागून अण्णांचा हुकूम, "हलू नका! नैसर्गिक वागा!" सतराही कॅसेटींत आवाज आहे, पण अण्णांचा चेहरा कुठेच नाही. कॅमेऱ्याला कुणाला हात लावू दिला असता तर ना! ताई, मला रडू आलं. तुझ्यापासून काय लपवायचं.

भाऊजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा,
ढब्बू

ता. क. : अण्णांनी एकदाच कॅमेरा तुझ्या हाती दिला होता, तू दहा वर्षांची असताना. ती कॅसेट तुझ्या कपाटात आहे. कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. फाइल दहा मिनिटांत करून देतो.

आणखी एक : बघायला मात्र तीन तास लागतील. आणि तिच्यात अण्णा दिसत नाहीत, मला पक्कं आठवतंय. तुझा अंगठा लेन्सवर होता, अण्णांचं हसणं तेवढं ऐकू येतं. तरी ये. दोघं बसून तुझा अंगठा बघू.