मावळतीनंतरचा खोटा सूर

डोंबिवली, सोमवार, फेब्रुवारी १९८८

सूर्य आतून थरथरतो, त्या थरथरीच्या सुरांवरून आम्ही संशोधक त्याच्या पोटात काय आहे ते ताडतो. पण आमची दुर्बीण एकाच गावात. रोज सूर्य मावळला की नोंद तुटते, आणि रोजच्या त्या खंडामुळेच सूर्यात नसलेले सूर आकडेमोडीत उमटतात. ते ओळखून वगळायचे, हेच माझं काम. आजही तेच केलं.

घरी आले तर दाराची कडी काढलेली. बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी ते कामावरून यायच्या वेळी आई कडी काढून ठेवते.

"जिन्यात चपला वाजतात गं त्यांच्या."

"आई, रोजचं काही तुटलं की असे भास होतात. आमच्या सूर्याचंही तेच आहे."

ती देवापुढे दिवा लावायला गेली. मी कडी लावली. का लावली? चिडूनच बहुतेक.

आणि जिन्यात चपला वाजल्या. उजवा पाय जरा घासत, बाबांसारख्या.

हा खंडाचा सूर. वगळायचा. मला कळत होतं.

आई दिव्यापाशीच होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. कडी मी काढली.