दलदलीतली शीळ

प्रिय धाकट्या,

इतकं लांबलचक पत्र बघून तू म्हणशील, ताईला कामधंदा नाही वाटतं. काम पुष्कळ आहे. आपली दलदल सुधारतेय, आधी तेच सांगते.

समुद्र पुढे सरकला, पाणी खारट झालं, लव्हाळी जळाली आणि पक्षी गेले, हे तू पाहिलंच होतंस. आता आम्ही पाच विषयांची पाच माणसं एका खोलीत बसतो. पाच डोकी, सहा मतं. पाण्याचा इंजिनिअर म्हणतो बांधाची दारं उघडा, वनस्पतीवाली म्हणते थांबा, आणि भांडण मिटवायला पक्षीतज्ज्ञ चहा करतात, तोही फिका. तरी जमलं. दारं हळूहळू उघडली, खारं पाणी सोसणारी लव्हाळी लावली, आणि मधोमध स्पीकर ठेवून दलदलीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. पक्ष्यांना वाटावं, इथे वस्ती आहे, उतरायला हरकत नाही. ते खरंच उतरले. पिल्लंही झाली.

घोळ त्या रेकॉर्डिंगमध्ये झाला. होडीचं इंजिन, कुत्री, माणसांची बोलणी कॉम्प्युटरवाल्याने काढून टाकली. एक शीळ मात्र राहिली, कारण त्याच्या यंत्राला ती पक्ष्याची वाटली. पक्षीतज्ज्ञांना वाटलं, दाराच्या फटीतला वारा असेल. प्रत्येकाने ती दुसऱ्याच्या विषयात ढकलली. मी पडले लोकांच्या आठवणी गोळा करणारी, मला कुणी आधी ऐकवलंच नाही; पिल्लं झाल्यावर स्पीकरजवळ गेले तेव्हा ओळखली. बांधावरचं काम उरकून बाबा आपल्याला घरी बोलवायचे ना, तीच शीळ. दोन लांब आणि शेवटी एक तुटकी.

ही पक्ष्यांची जात नकला करणारी. यंदाची पिल्लं तीच शीळ घालतात. स्पीकर मी कधीच बंद करायला लावला, उपयोग शून्य. दिवस कलला की लव्हाळ्यांतून बाबा बोलावतात, कधी एका बाजूने, कधी चारी बाजूंनी. जिथे त्यांची होडी सापडली आणि ते सापडले नाहीत, तिथून सर्वांत जास्त. बाकीचे खुश आहेत. पिल्लं शिकताहेत म्हणजे प्रयोग यशस्वी, असं त्यांनी अहवालात लिहिलंय.

मला धास्ती होती ती आईची. तिने दारात उभं राहून ऐकलं, हे काही ते नव्हेत म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली.

आता पत्राचं कारण सांगते. काल संध्याकाळी मी खिडकी लावायला उठले, एवढंच आठवतं. नंतर एकदम आईचा हात माझ्या दंडावर, आणि पाणी छातीपर्यंत. तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी गाळ तुडवत ती माझ्यामागे आली होती. ती रागावली नाही, रडलीही नाही. घरी आणून टॉवेल दिला आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी घातली. मला भीती वाटते रे. पाण्याची नाही, तिथे मला फार बरं वाटत होतं, त्याची. आईला इथून हलव म्हणून मी वर्षभर तुझ्या मागे लागले होते. आता तिच्यासाठी नको येऊस. मला न्यायला ये, आणि दुपारीच ये. आईचे गुडघे पुन्हा तिथवर पोचणार नाहीत.

वाट बघणारी, तुझीच
ताई