विहारातलं कार्पेट आणि सील न तोडलेली बाटली

१७ एप्रिल, सकाळी
आधी माफी. शुद्धलेखन चुकणार, नववीत शाळा सोडलीये. टायपिंग पण एका बोटाने, लय हळू. वाचणारं कोणी नाय, मीच आहे. तरी मागितलेली बरी.
आजपासून स्वतःचा धंदा. योगेशदादाकडे चार महिने सोफे धुतले, आता शिकण्यासारखं काय राहिलं नाय. पहिली ऑर्डर आपल्याच कॉलनीची. बुद्धविहारातलं मोठं कार्पेट. बाबासाहेबांच्या जयंतीला सगळी कॉलनी त्यावर बसून जेवली. शेजारच्या संध्याताईनेच कमिटीला सांगितलं, धम्माला द्या. शाम्पूची बाटली पण तिनेच आणून दिली. म्हणली, नीट धू रे, पोरं लोळतात त्याच्यावर.
मी मान हलवली. मी लाजाळू नाय. बोलायला लायक माणूस भेटत नाय, एवढंच.

दुपारी ४
एक कोपरा ओला केला. काळं पाणी. खीर, केस, गुटख्याची पुडी, कोणाचं तरी नख. शी. मधोमध हिरवी जेली. ती पिंकीने, म्हणजे संध्याताईच्या चार वर्षाच्या पोरीने, माझ्यासमोर अर्धी चोखून चिकटवली होती. त्या जेलीला मी हात लावणार नाय. ओकारी आली, खरंच.
दारासमोरची दोन हात पट्टी साध्या पाण्याने पुसली. लोक तिकडूनच आत येतात. बाकीच्याला ऊन दिलं. याला ड्राय क्लीनिंग म्हणतात. बाटलीचं सील पण तोडलं नाय. खाटेखाली ठेवली. पुढच्या ऑर्डरला कामाला येईल.

१८ एप्रिल
कार्पेट अंथरून आलो. कमिटीचे अध्यक्ष सावळीरामकाका वाकून वास घेऊन म्हणले, वा, काय सुगंध. ऑफिसात इतकी वर्षं क्लार्क होते हे. पोरं लगेच लोळायला लागली. पिंकी सगळ्यात पुढे.

२२ एप्रिल
पिंकीला कालपासून ताप. आई म्हणती ऊन बाधलं.

२६ एप्रिल
ताप उतरतच नाय. डोळे लाल, ओठ फुटले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ. दवाखान्यात ॲडमिट केली. आजाराचं नाव कावासाकी. मला वाटलं आई गाडीबद्दल बोलतीये. मी हसलो. आईने लाटणं दाखवलं.

२७ एप्रिल
समोरच्या सुलामावशीच्या मोबाईलवर मेसेज आलाय. कार्पेट शाम्पूने धुतलं की पोरांना कावासाकी होतो. जपानात म्हणे कार्पेट धुवायला बंदी. मावशीने दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीला पाठवला. खाली स्वतःचं लिहिलं, आपल्या विहारातलं कार्पेट कोणी धुतलं सर्वांना माहीत आहे.
किळस येते या लोकांची. अडाणी. एक वाक्य बोललो की विषय संपला, की शाम्पू वापरलाच नाय. उद्या बोलतो.
बाटली खाटेखालून काढून गच्चीवर ठेवली. घाबरून नाय. खाटेखाली जागा कमी आहे.

२८ एप्रिल, दुपारी
आईने डबा घेऊन दवाखान्यात पाठवलं. पिंकीला सलाईनमधून कसलं तरी मोठं औषध चालू होतं. हृदयाची सोनोग्राफी झाली, ती ठीक आली, परत करायचीये. हातापायाला सूज.
डॉक्टरमॅडम संध्याताईला समजावत होत्या. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाय, नक्की कशाने होतो ते अजून कोणालाच माहीत नाय. कार्पेट धुण्याचा संशय लय जुना आहे, पण तसं काय सिद्ध झालेलं नाय, मनातून काढून टाका.
संध्याताईने ऐकून घेतलं. मग म्हणली, "पण मॅडम, बाटली मीच आणली होती ना."
मॅडमने परत सांगितलं. तिने परत तेच विचारलं.
मी दारातच होतो. बोलणारच होतो. पण हातात डबा होता, आणि डबा गार होत होता.

१ मे
पिंकी घरी आली. ताप नाय. बोटांची सालं निघतायत, मॅडम म्हणल्या तसं होतं. बघवत नाय, पण पोरगी साल ओढून सगळ्यांना दाखवते.
संध्याताई खाली येत नाय. आई सांगत होती, घरातलं पायपुसणं पण फेकून दिलं. झोपत नाय म्हणे.
उद्या नक्की.

२ मे
गेलो. संध्याताईने दार उघडलं. डोळे सुजलेले. मी विचारलं, तुमच्याकडे पाणी येतंय का? म्हणली, येतंय. मग मी आलो.
सुरुवात तर झाली.

५ मे
मेसेजच करायचा ठरवला. चाळीस मिनिटं टाईप केलं. "ताई शाम्पू मी वापरला नाय." मग वाटलं, ती विचारेल, मग धुतलं कशाने? खोडलं. फुलाचा फोटो पाठवला. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.
लोक प्रश्न विचारतात म्हणून खरं बोलता येत नाय. चूक लोकांची आहे.

८ मे
कमिटीची मीटिंग. सावळीरामकाका उभे राहून म्हणले, आपण बाबासाहेबांची लेकरं, असल्या अफवांवर विश्वास ठेवत नाय. टाळ्या. मग हळूच म्हणले की बुद्धपौर्णिमेला ज्याने त्याने घरून खुर्ची आणावी. सुलामावशी म्हणली, कडुनिंबाचा धूर करू. कोणीतरी म्हणलं कार्पेट जाळा. मी मागे चपलांजवळ बसलो होतो. सगळ्यांच्या चपलांचा वास. शी.
ठरवलं. पौर्णिमेला भाषण. सगळ्यांसमोर बाटली काढणार. बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. आवाज चांगला घुमतो माझा.

१२ मे, बुद्धपौर्णिमा, दुपारी
पांढरा शर्ट. पिशवीत बाटली.
विहारात मधे कार्पेट मोकळं, आणि भिंतीला चिकटून अख्खी कॉलनी खुर्च्यांवर. ज्यांच्याकडे खुर्ची नाय ते पेपर टाकून फरशीवर. सावळीरामकाकांनी घरून गादीची खुर्ची आणलेली. वंदना झाली. काका म्हणले, कोणाला काय बोलायचंय? मी हात वर केला. सगळी मुंडकी माझ्याकडे वळली.
मी म्हणलो, पंखा लावू का?
पंखा चालूच होता.
तेवढ्यात दारात संध्याताई. पिंकीचा हात घट्ट धरलेला, कार्पेटच्या अलीकडेच थांबली. सुलामावशी म्हणली, "बाई, लेकराला लांब ठेव, एकदा झालं तेवढं बास." संध्याताईचं तोंड पडलं. ती मागे फिरली.
पिंकी हात सोडवून पळाली. कार्पेटच्या मधोमध जाऊन बसली, नखाने काहीतरी खरवडलं आणि ओरडली, "माझी जेली!" आणि तोंडात घातली.
संध्याताई धावली. तोंडात बोट घालून जेली बाहेर काढली. हिरवी, केसाळ. ती उलटीपालटी करून बघितली. मग गुडघ्यावर बसून कार्पेटचा वास घेतला. मग सरळ माझ्याकडे बघितलं.
"धम्मा, बाटली कुठंय?"
पिशवीतून काढून दिली. तिने झाकण बघितलं, सील बघितलं. आता दोन ठेवून देणार, मला वाटलं. ती तिथेच मांडी घालून बसली, पोरीला मांडीवर ओढलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. आई पाणी घेऊन गेली.
सगळ्यात आधी सुलामावशी येऊन तिच्याजवळ बसली. मग एकेक करत सगळे. त्याच घाणीत.
सावळीरामकाका खुर्चीवरच राहिले. म्हणले, गुडघे दुखतात.
माझं भाषण तसं झालंच म्हणायचं. फक्त मी बोललो नाय.

१३ मे
कार्पेट विहारासमोर टाकलंय. मी धुतोय, कॉलनी बघतीये. आख्खी बाटली ओतायची, अशी कमिटीची ऑर्डर आहे. सुलामावशी खुर्ची टाकून बसलीये, तिकडे राहिलं रे धम्या, म्हणून बोट दाखवते.
संध्याताई चहा घेऊन आली. मी आपणहून बोलणारच होतो. कप हातात देऊन ती म्हणली, "तीन आठवडे मी झोपले नाय रे. एक शब्द बोलायचा होतास."
मी म्हणलो, साखर कमी आहे.
चौथ्यांदा पाणी मारलं. अजून काळंच येतंय. शी.
गावाकडून, देवळ्याहून मामाचा फोन आलाय, कांदा साठवायच्या त्याच्या चाळीत बिबट्या शिरलाय. मदतीला जावंच लागेल, नायतर धुणं पूर्ण केलं असतं.