पाय खाली सोड

बाबा,

गाडी चोरीले गेली नाही, मी नेली. आईले घेऊन कुहीले मामाकडे चालली आहे. ओरडायचं असेल तर संध्याकाळी आल्यावर ओरडा.

तीन उन्हाळे तुम्ही एसीत गॅस भरत राहिले. दोष एसीचा नव्हताच. हीटरचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, म्हणून भर मे महिन्यात इंजिनची गरम हवा आईच्या पायावर येत होती. तिनं माहेरी जाणं सोडलं ते गुडघ्यांमुळे नाही, तुमच्या हट्टामुळे. पोरीनं बॉनेटले हात लावायचा नाही म्हणे! काहून?

काल तुम्ही बसनं उमरेडले गेले, तेव्हा लावला. नवा व्हॉल्व्ह बसवला. पाइपले तुम्ही गुंडाळलेली तार टेबलावर ठेवली आहे, रबर कापून राहिली होती ती. तारेच्या जागी लावायले क्लिप मी आधी मोठे आणले. पूर्ण आवळले तरी पाइप फिरे. मग परत जाऊन मापाचे, स्क्रूवाले आणले. गाडीखाली पुठ्ठा टाकून अर्धा तास इंजिन चालवलं. एक थेंब पडला नाही.

वरण-भात झाकून ठेवला आहे. कूलरमध्ये पाणी टाका.

आत्ता आई गाडीत नेहमीसारखी सीटवर मांडी घालून बसली. मी म्हटलं, "आई, पाय खाली सोड वं." तिनं आधी अंगठा टेकवून पाहिला, मग दोन्ही पाय सोडले अन् हसतच सुटली.

चिठ्ठी लिहायले वर आली, तर ती खालून हॉर्न वाजवून राहिली. आपली आई! जाते.

प्रणाली